एटीएमला ‘होकार’ देतो कोण?

कोल्हापूर - पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांद्वारे २८ देशांत पैसे काढण्यात आले. त्यात कोल्हापुरातील एटीएमही होती.

एरवी एटीएमची विचारणा स्विचमार्फत बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीकडे जाते आणि शिल्लक पाहून होकार मिळतो. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभारून परस्पर होकार दिले.

स्विचवरील नोंदी मुख्य प्रणालीशी जुळतात का, असाधारण व्यवहारांचा इशारा वेळीच मिळतो का, याची पडताळणी हे बँकेतील सायबर जोखीम अनुपालन विभागाचे काम. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा नियमावली जारी केली.

एटीएममधील लूट ११ ऑगस्टला, दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना झाली होती. त्यामुळे ही पडताळणी सुट्टीच्या दिवशीही सुरू राहणे अत्यावश्यक ठरते.