ऑक्टोबरमध्येच दिसतो मे महिना!

पाऊस पडला नाही, की सगळ्यांना कळतं. ओढा कोरडा, शेतात भेगा. पण जमिनीखालचं पाणी कमी झालं, तर ते कळणार कसं? दिवाळीत रान हिरवं असतं, विहिरीत पाणी चमकत असतं, सगळे निर्धास्त! मग मार्च उजाडतो, हापसा नुसताच खडखडतो आणि गावात टँकर येतो. हा झाला भूजलाचा दुष्काळ. तो गुपचूप येतो खरा, पण त्याला आधीच हुडकणारी माणसं आहेत बरं का!

आधी जरा पायाखाली डोकावू. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि गोठले. अखंड कातळात पाणी शिरत नाही. ते साठतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणजे साठायला जागाच थोडी! म्हणून उपसा वाढला, की पातळी भराभर खाली जाते.

ही पातळी मोजायला राज्याची ‘भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा’ आहे. तिने साडेतीन हजारांहून जास्त निरीक्षण विहिरी ठरवून ठेवल्या आहेत. पावसाळा संपताना, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात त्यांतलं पाणी किती खोल आहे, ते मोजतात. एक जुनी युक्ती तर फारच गमतीची आहे. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा आणि टेप विहिरीत सोडायचा. जेवढा खडू भिजला, तेवढा टेप पाण्यात बुडाला. सोडलेल्या टेपमधून एवढी लांबी वजा केली, की पाण्याची खोली मिळाली!

समजा, पाणी ८ मीटरवर लागलं. हे चांगलं की वाईट? त्या एका आकड्यावरून सांगताच येणार नाही. नेहमी ९५ मार्क मिळवणाऱ्या ताईला ८० मिळाले, तर घरात चौकशी सुरू होते. पण ६० वाल्या दादाला ८० मिळाले, तर पेढे! विहिरीचंही तसंच. तिची तुलना शेजारच्या विहिरीशी नाही, तिच्याच मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी करतात. पावसाळा संपल्यावरच पाणी त्या सरासरीपेक्षा एक, दोन, तीन मीटर खाली असेल आणि पाऊसही कमी झाला असेल, तर पुढे टंचाई येण्याचा धोका मोठा. असे तालुके आणि गावं नकाशावर दाखवली, की मे महिन्यातली तहान ऑक्टोबरमध्येच दिसते. टँकर, चारा, पिकं यांचा विचार करायला सहा-सात महिने हातात मिळतात.

आणि आकाशातूनही पाणी ‘तोलता’ येतं! २००२ साली ‘ग्रेस’ नावाचे जुळे उपग्रह सोडले गेले. ते एकामागोमाग फिरायचे. त्यांच्यात साधारण २२० किलोमीटर अंतर. खाली पाणी जास्त, तिथे वजन जास्त, म्हणून ओढही जास्त. पुढचा उपग्रह आधी खेचला जातो आणि दोघांमधलं अंतर बदलतं. केसाच्या जाडीहून कमी फरकही असे उपग्रह टिपतात! त्यावरून पाण्यातला एकूण बदल कळतो; त्यातून मातीतला ओलावा आणि धरणांतलं पाणी यांतला बदल वजा केला, की उरतो भूजलातला बदल. वायव्य भारतातलं भूजल झपाट्याने घटतंय, हे या जोडीनेच २००९ साली जगाला दाखवलं. २०१८ पासून हे काम नवी जोडी करते. पण या उपग्रहांची नजर ढोबळ. अख्खा मराठवाडासुद्धा त्यांना नीट वेगळा दिसत नाही, मग तुमचं गाव कुठून दिसणार? गावासाठी टेपच हवा!

मग मोजाल तुमच्या गावची विहीर? मोठं माणूस सोबत हवंच, आणि कठड्यावरून वाकायचं नाही. टेप दर वेळी एकाच खुणेपासून सोडा. कठड्याची उंची वजा करा आणि तारीख लिहून ठेवा. आकडा मात्र सकाळी, मोटर सुरू होण्याआधी घ्या. उपसा चालू असताना मोजलंत, तर विहीर बिचारी उगाच नापास व्हायची!