विष्ठेत दिसत नाहीत, म्हणून जंत नाहीत?

कुत्र्याच्या विष्ठेत जंत दिसले नाहीत म्हणजे पोट साफ, असा समज घरोघरी आढळतो. जंत आतड्यात राहतात; बाहेर पडतात ती मुख्यतः अंडी, आणि ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. पट्टकृमी (चपटा, खंडाखंडांचा जंत) मात्र खूण सोडतो: शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे चिकटतात, ताजे असताना चक्क हलतात. हा जंत बहुधा पिसू गिळल्याने होतो, गोड खाल्ल्याने नव्हे. म्हणून औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त हवाच. अंकुशकृमी (आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत) जेमतेम सेंटिमीटरभर, सहसा नजरेस पडत नाही. पण तो रक्त पीत असल्याने पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर थांबू नका. विष्ठेचा ताजा नमुना घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा.