आईने ‘बी-आय’ टाईप केलं आणि… : सर्च सजेशन्सची गोष्ट

आजचा एपिसोड छोटा आहे, पण संपला की लगेच फोनचं सेटिंग उघडायचंय, तयारीत राहा.

आधी माझाच किस्सा. गेल्या श्रावणात मानेवर एक गाठ आली होती. डॉक्टर म्हणाले, बायोप्सी करून घेऊ. रिपोर्ट येईपर्यंत घरी काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्याच आठवड्यात आईने वालाच्या बिरड्याची रेसिपी बघायला माझा फोन घेतला. इंग्रजी अक्षरांत ‘बी-आय’ एवढंच टाईप केलं आणि खाली पहिलीच ओळ आली : ‘बायोप्सी रिपोर्ट किती दिवसांत येतो’. ती फोन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. “हे काय आहे रे?”

रिपोर्ट नॉर्मल आला. पण आईला हे माझ्या तोंडून कळायला हवं होतं, फोनकडून नाही. आणि मी स्वतः सॉफ्टवेअरवाला! म्हणून आजचा विषय.

सजेशन्स येतात कुठून?

ॲड्रेस बारमध्ये काही टाईप केलं की खाली जी यादी येते, ती एका ठिकाणाहून येत नाही. काही ओळी तुमच्या फोनमधल्याच असतात : हिस्ट्री, बुकमार्क, उघडे टॅब. बाकीच्या सर्च इंजिनच्या सर्व्हरवरून येतात. म्हणजे तुम्ही टाईप करत असतानाच ती अर्धवट अक्षरं तिकडे जातात, एंटर दाबायच्या आधीच. चुकून ॲड्रेस बारमध्ये पासवर्ड टाईप केलात आणि लगेच खोडलात, तरी तो तिकडे गेलेला असू शकतो.

क्रोममध्ये एक सोपी खूण आहे. ओळीच्या आधी घड्याळाचं चित्र असेल, तर ते तुम्ही पूर्वी शोधलेलं आहे. भिंगाचं चित्र असेल, तर सहसा ते सर्च इंजिनने सुचवलेलं असतं. आईला दिसलं ते घड्याळवालं.

“हिस्ट्री डिलीट केली ना मी!”

मीही केली होती. पण गंमत इथेच आहे. ब्राउझरची हिस्ट्री वेगळी आणि गुगल अकाउंटमधली वेगळी. लॉग-इन असाल तर शोधलेलं अकाउंटमध्ये साठतं. फोनमधलं पुसलं तरी तिथलं राहतं आणि सजेशन म्हणून परत वर येतं.

“असूदे की, माझं काय कोण बघतंय?” असं वाटत असेल, तर हे ऐका. ऑगस्ट 2006 मध्ये एओएलने संशोधनासाठी सुमारे साडेसहा लाख लोकांचे जवळपास 2 कोटी सर्च जाहीर केले. नावं काढून नुसते नंबर दिले होते. तरी न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी केवळ सर्च वाचून त्यातल्या एका बाईंना शोधून काढलं. गाव, आडनाव, दुखणी, सगळं आपण स्वतःच टाईप करत असतो.

आता फोन उघडा

(व्हर्जननुसार नावं थोडी बदलतील.)

1. एखादीच ओळ नकोय? अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ती दाबून धरा, काढून टाकू का असं विचारेल. लॅपटॉपवर ॲरोने त्या ओळीवर जा आणि शिफ्ट + डिलीट.

2. अक्षरं सर्व्हरला जाऊच नयेत असं वाटत असेल, तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘गुगल सर्व्हिसेस’ उघडा आणि ‘इम्प्रूव्ह सर्च सजेशन्स’ बंद करा. फायरफॉक्समध्ये ‘सर्च’खाली ‘शो सर्च सजेशन्स’ आहे. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन सजेशन्स’.

3. गुगल अकाउंटमध्ये ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ शोधा. तिथे ऑटो-डिलीट 3, 18 किंवा 36 महिन्यांवर ठेवता येतं. नाहीतर ते साठवणं पूर्ण बंदच करता येतं.

4. तब्येत, पैसे, नोकरी बदलणं असले सर्च इन्कॉग्निटोमध्ये करा. तो टॅब बंद केल्यावर घरातल्यांना काही दिसणार नाही. पण लक्षात ठेवा, एंटर दाबल्यावर तुमचा सर्च सर्च इंजिनपर्यंत पोचतोच.

सजेशन्स बंद केली की स्पेलिंग स्वतः आठवावं लागतं, अंगठ्याचं काम वाढतं. म्हणून मी ती पूर्ण बंद नाही केलेली. ऑटो-डिलीट 3 महिन्यांवर, नाजूक विषय इन्कॉग्निटोत, आणि आईच्या फोनवर तिच्या आवडत्या रेसिपीचे बुकमार्क. म्हणजे तिला माझा फोन लागतच नाही.

आणि हो, सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग फोनमध्ये नाहीये. गाठ बिठ आली तर घरी सांगा. आईने त्या दिवशी बिरडं केलंच, पण दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!