बारावीनंतरचा प्रवेश आणि पालकांचा वाटा

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत दोन प्रश्न फिरू लागतात. पहिला, "किती टक्के?" आणि दुसरा, "आता कुठे टाकणार?" या दुसऱ्या प्रश्नातले क्रियापद नीट पाहावे. पोराला कोठेतरी 'टाकायचे' असते आणि टाकणारे आपण असतो, असा त्याचा अर्थ होतो. उलट परळ-लालबागच्या कितीतरी घरांत आईवडील आधीच हात वर करतात. "आम्ही दहावीच्या पुढे गेलो नाही, कॉम्प्युटरवरचा फॉर्म आम्हाला काय कळणार? त्याचे तो बघेल." या दोन टोकांच्या मधे पालकांनी करण्यासारखे पुष्कळ काम आहे आणि त्यासाठी पालक स्वतः पदवीधर असावा लागत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आपल्याच परिसरातले एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पण ते आपण नेहमी मुलांना ऐकवतो, पालकांच्या बाजूने पाहत नाही. सुभेदार रामजी कुटुंब घेऊन मुंबईला आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. चूल, भांडीकुंडी, सरपण आणि माणसे सगळे त्या एका खोलीत. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जात होते. अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून रामजींनी वेळ शोधून काढली. मुलाने रात्री लवकर झोपायचे, आपण दोन वाजेपर्यंत जागायचे, दोनला त्याला उठवायचे आणि मग स्वतः अंग टाकायचे. पुस्तक हवे असले आणि पेन्शन संपलेली असली तर ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, दागिना मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून देत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने अडतीस टक्केही नाहीत. मार्कशीट हातात घेऊन नाक मुरडणाऱ्या प्रत्येक पालकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

या हकिकतीत आणखी एक माणूस आहे. विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसत. तेथेच वाचायला येणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. मॅट्रिकनंतरच्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे इंटरनंतर पैशाची अडचण आली तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली व १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. केळुसकर घरातले नव्हते, समाजातलेही नव्हते. आपल्याला न कळणारी गोष्ट कोणाला तरी कळते, त्या माणसापर्यंत मुलाला जाऊ देणे हेही पालकाचे काम आहे. तो माणूस आज शाळेतले सर असतील, वाचनालयातले कार्यकर्ते असतील, किंवा तिसऱ्या मजल्यावरची एस.वाय.ला असलेली ताई असेल. तिने गेल्याच वर्षी फॉर्म भरलेला असतो. तिच्याइतके ताजे ज्ञान कोणाकडेच नाही.

आता शाखेविषयी. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आणि बँकेत क्लार्क आहे, त्यामुळे "आर्ट्सला जाऊन काय करणार?" हा प्रश्न मला थोडा टोचतो, हे वाचकांनी गृहीत धरावे. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, राज्यसेवेच्या आणि संघ लोकसेवेच्या परीक्षेलाही बहुतांशी तसेच आहे. तरी "नोकरी लागेल का?" हा आईवडिलांचा प्रश्न खोटा नाही, चाळीतल्या घराला तो विचारावाच लागतो. फक्त तो पहिला विचारू नये. मुलीला म्हणावे, "बाळ, पहिल्या वर्षाचे विषय मला वाचून दाखव." विषय वाचता वाचता कोणत्या ठिकाणी तिचा आवाज उत्साहाचा होतो आणि कोठे ती कंटाळते, हे आईला न सांगता कळते. २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आहे. त्यात मुख्य विषयाबरोबर एक गौण विषय घ्यावा लागतो, तेव्हा हे वाचन आता जास्तच गरजेचे आहे. आणि अर्ज भरण्याआधी मुलाला घेऊन एकदा कॉलेजवर चक्कर मारा. परळचे एम.डी., दादरचे कीर्ती, माटुंग्याचे रुईया, चौपाटीवरचे विल्सन, फोर्टचे सिद्धार्थ, सगळी लोकल-बसच्या टप्प्यात आहेत.

खिडक्या मात्र अनेक आहेत आणि येथे घोटाळा होतो. मुंबई विद्यापीठाची नावनोंदणी केली म्हणजे अर्ज झाला असे नव्हे. त्यानंतर प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली आहेत, त्यांची प्रक्रिया स्वतंत्र. बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. या नावांच्या अभ्यासक्रमांना २०२४ पासून राज्याची सीईटी आली; तिचा फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. तसेच अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजांना मागासवर्गीयांच्या राखीव जागा ठेवण्याची सक्ती करता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. दक्षिण मुंबईतली काही नामांकित कॉलेजे या दर्जाची आहेत. "आपल्या कोट्यात लागेल" अशा भरवशावर तेवढाच एक अर्ज भरून बसू नये.

आता कागदपत्रे. मुलांना ज्यात रस नसतो आणि पालकांशिवाय जे होत नाही, ते काम हेच. बी.ए., बी.कॉम.ला बहुधा कास्ट सर्टिफिकेटवर भागते. पण इंजिनिअरिंग, वैद्यकीय, कायदा अशा सीईटीच्या प्रवेशात राखीव जागा हवी तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, ज्याला आपण 'व्हॅलिडिटी' म्हणतो. ते वेळेवर हाती नसेल तर गुण असूनही राखीव जागा हातची जाते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. म्हणजे प्रश्न मुलाचा नसून त्याच्या आजोबा-पणजोबांचा आहे. आजोबा गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या, त्यांचे दप्तर आता कोठे शोधणार? शेवटी गावच्या शाळेचा प्रवेश रजिस्टरचा उतारा किंवा जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीची नक्कल काढावी लागते. आपल्या घरांत आणखी एक गुंता असतो. आजोबांच्या दाखल्यावर हिंदू महार, वडिलांच्या दाखल्यावर बौद्ध आणि आडनाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर हे होणे स्वाभाविक आहे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण वंशावळ नीट जुळवून द्यावी लागते. केंद्र सरकारने १९९० साली कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या. मात्र केंद्राच्या संस्थांसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात, मूळ जातीच्या उल्लेखासह काढून घ्यावा. वडील, काका, चुलतभाऊ यांपैकी कोणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम बरेच सोपे होते. भावकीतला अबोला अशा वेळी सोडावा लागतो, असो. मुलगा अकरावीत गेला की मे महिन्यात गावी जाल तेव्हाच उतारा मागा. समितीकडचा अर्ज कॉलेजच्या प्राचार्यांच्या पत्राने जातो, ते पत्र अकरावी-बारावीतच मिळते.

शिष्यवृत्तीबाबत काउंटरवर रोज दिसते ते सांगतो. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे लागते. त्यावर असेल तर फी माफीची स्वतंत्र योजना आहे. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर. पैसा मुलाच्या आधारला ज्या बँकेचे खाते शेवटी जोडले गेले, त्या खात्यात जातो. फॉर्मवर आपण कोणता खाते नंबर लिहिला यावर नाही. त्यामुळे "शिष्यवृत्ती आलीच नाही" म्हणून वर्षभर हेलपाटे घालणाऱ्या पालकाचे पैसे कधीकधी दुसऱ्याच बँकेत, शाळेत असताना उघडलेल्या खात्यात पडून असतात. लहानपणी उघडलेले अज्ञान खाते मुलगा अठरा वर्षांचा झाला की नव्याने सही व कागदपत्रे देऊन चालू करून घ्यावे लागते. दोन वर्षे व्यवहार नसलेले खातेही निष्क्रिय होते. जूनमध्ये पासबुक घेऊन मुलालाच बँकेत पाठवा, त्याला स्लिप भरू द्या. २०२१-२२ पासून केंद्राच्या वाट्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि तिच्यात कॉलेजच्या फीचाही भाग असतो. खात्यावर एकदम मोठा आकडा दिसला म्हणून त्यातून घरचा टीव्ही घेतला तर कॉलेज निकाल अडवते. शैक्षणिक कर्जाचीही भीती बाळगू नये. चार लाखांपर्यंत बँकेला तारण मागता येत नाही.

घरात दोन मुले आणि फी एकाचीच परवडते, अशी वेळ येते. भीमराव शिकावेत म्हणून त्यांचे थोरले बंधू आनंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले, हेही त्याच खोलीत घडले. आज अशा वेळी थांबवले जाते ते बहुधा मुलीला, आणि तेही "तिचे लग्नच करायचे आहे" एवढ्या एका वाक्यात. निदान तिला समोर बसवून पासबुक उघडावे, आकडे दाखवावेत आणि तिला काय वाटते ते विचारावे. पुष्कळदा मुलीच मार्ग सुचवतात. शिकवण्या घेईन, सकाळचे कॉलेज धरीन, एक वर्ष मागे राहीन, असे त्या सांगतात.

पहिली यादी लागते त्या दिवशी घरात शांतता ठेवा. नाव नसले तर दुसरी यादी असते, तिसरी असते. यादीत नाव आल्यावर मात्र फी भरायला दोनतीन दिवसच मिळतात, म्हणून तेवढी रक्कम आधीच बाजूला ठेवावी. शेजारच्या मुलाचे टक्के त्या दिवशी काढू नयेत. आणि मनासारखे कॉलेज नाहीच मिळाले, किंवा घरासाठी मुलाला नोकरी धरावी लागली, तरी विद्यापीठाचे दूरशिक्षण आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, ते नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणूनच. आजही काही कॉलेजांत सकाळची सत्रे आहेत. कोणत्या विषयाचे वर्ग किती वाजता सुटतात आणि तेथून कामाच्या ठिकाणी वेळेवर पोहोचता येते का, हे कॉलेजच्या ऑफिसात समक्ष जाऊन विचारून घ्यावे.