विजेत्यांचा चषक आणि विजेत्याविना देश

आशियातील विजेत्या फुटबॉल क्लबांची एक स्पर्धा 1967 मध्ये बँकॉकला सुरू झाली आणि 1971 मध्ये संपली. मधले 1968 हे वर्ष तर स्पर्धेविनाच गेले. चार वेळा झालेल्या या स्पर्धेच्या प्रत्येक अंतिम सामन्यात इस्रायलचा क्लब होता. तीनदा करंडक तेल अवीवला गेला. 1970 मध्ये मात्र तेहरानच्या ताज संघाने घरच्या प्रेक्षकांसमोर हापोएलला हरविले. 1971 मध्ये इराकच्या पोलीस संघाने मक्काबीविरुद्ध अंतिम सामना खेळण्यास नकार दिला व करंडक न खेळताच बहाल झाला. पुढची स्पर्धा रद्द झाली. 1974 मध्ये इस्रायललाच आशियाई महासंघातून वगळण्यात आले, आणि क्लबांची स्पर्धा पुन्हा भरण्यास 1980 चे दशक निम्मे सरावे लागले.

या अकाली अंताचे खापर राजकारणावर फोडले जाते, ते योग्यच आहे. परंतु भारतापुरता प्रश्न निराळा आहे. या क्लबांच्या मेळाव्यास भारताने 1969 मध्ये म्हैसूरला आणि 1970 मध्ये पश्चिम बंगालला धाडले. ही राज्ये होत, क्लब नव्हेत! देशाचा विजेता क्लब ठरविणारी राष्ट्रीय साखळी स्पर्धाच नव्हती, म्हणून संतोष करंडकाच्या विजेत्याला पुढे करावे लागले. (महाराष्ट्राने तो करंडक 1963-64 मध्ये पटकावला होता, आशियाई स्पर्धा तेव्हा जन्मास यावयाची होती.)

मुंबईत फुटबॉलची उणीव होती असे मुळीच नाही. रोव्हर्स चषक 1891 पासून चालत आलेला होता. मफतलाल, टाटा, रेल्वे यांचे संघ होते. खेळाडूला मोबदला मिळे तो मुख्यत: नोकरीच्या रूपाने. सकाळी सराव, मग कचेरीतील टेबल. खेळ थांबला तरी पगार थांबत नसे. बाद पद्धतीची स्पर्धा काही आठवड्यांत उरकते व एखाद्या आश्रयदात्याच्या बळावर चालते. साखळी स्पर्धेला वर्षभराचा प्रवास, मैदाने आणि वेतन लागते. हा खर्च उचलणार कोण, याचे उत्तर देशाला 1996 पर्यंत सापडले नाही.

या बाबतीत मुंबईच्या उपनगरातील चारकोपची वसाहत पाहण्यासारखी आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1980 च्या दशकात म्हाडाने येथे आधी भूखंड आखले, रस्ते, पाणी व मलनि:सारण दिले; घरे लोकांनी ऐपतीप्रमाणे मागाहून बांधली. आशियाई फुटबॉलने नेमका उलटा क्रम धरला. गच्ची आधी घातली आणि पाया ज्या त्या देशावर सोपविला.

त्याच चारकोपहून रेल्वेचे रूळ ओलांडले की कांदिवली पूर्वेला महिंद्रा कंपनीचा कारखाना लागतो. या कंपनीचा संघ 1962 मध्ये स्थापन झाला होता. महिंद्रा युनायटेड या नावाने त्याने 2005-06 ची राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली आणि मुंबईला अखेर देशाचा विजेता क्लब लाभला. 2007 मध्ये तो एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. 2010 मध्ये कंपनीने संघ विसर्जित केला व शालेय फुटबॉलकडे वळण्याचे ठरविले. कंपनीचा निर्णय हिशेबाला धरून असेलही. मोटारगाड्या विकणाऱ्याने तोटा किती काळ सोसावा? पण तिकिटांचे उत्पन्न नगण्य आणि सभासदांची मालकी नाही, अशा संघाचे आयुष्य संचालक मंडळाच्या एका बैठकीएवढेच असते. गोव्यात पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपो क्लबानेही 2016 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. तेथे निदान क्लब राहिला, गावोगावची मैदाने राहिली.

अंधेरीच्या मैदानावर खेळणाऱ्या मुंबई सिटी संघाने एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या हवाई दलाच्या क्लबाला 2-1 असे हरविले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीतील भारतीय क्लबाचा तो पहिला विजय होता. पुढे जुलै 2025 मध्ये, महासंघाशी झालेल्या व्यापारी हक्कांच्या कराराची मुदत संपत आल्याने, देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धेचा हंगाम आयोजकांनी स्थगित ठेवला. कराराबाहेरच्या उत्पन्नावर एक हंगाम तरी रेटता येईल, एवढी शिल्लक तेव्हा किती क्लबांपाशी होती, हे त्यांच्या ताळेबंदांत शोधावे लागेल.