शंकरपाळीतली किंमत

मार्व्हलच्या ‘स्टार वॉर्स’ कॉमिकचा पहिला अंक हातात आला की नजर आधी डार्थ व्हेडरच्या हिरवट शिरस्त्राणावर खिळते. ती तिथून उचलून वर डाव्या कोपऱ्यात न्यायची. तिथे अंकाचा क्रमांक आणि किंमत असते. हे आकडे साध्या चौकोनात आहेत की उभ्या शंकरपाळीत, हे पाहिलं की तो पहिल्या छपाईचा अंक आहे की पुनर्मुद्रण, याचा निम्मा उलगडा होतो.

पुनर्मुद्रणाची वेळ का आली, ते आधी पाहू. ‘स्टार वॉर्स’ सिनेमा अमेरिकेत २५ मे १९७७ला लागला. कॉमिकच्या अंकावर महिना जुलैचा असला, तरी तो एप्रिलमध्येच विक्रीला आला होता. अंक विक्रेत्याकडे जास्त दिवस राहावा म्हणून त्यावर पुढच्या एखाद्या महिन्याची तारीख टाकायची पद्धत होती. लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार हॉवर्ड चेकिन यांच्यासमोर तयार सिनेमा नव्हता. पटकथा आणि चित्रीकरणाचे फोटो यांवरच त्यांनी काम केलं. सिनेमाची गोष्ट पहिल्या सहा अंकांत संपते. पण सिनेमावर गर्दी उसळली, अंक संपले, आणि मागणी थांबेना. एरवी मासिक कॉमिक एकदा छापलं की त्याचा विषय संपायचा. इथे मात्र मार्व्हलने तेच अंक पुन्हा छापले. तेही एकाच तऱ्हेने नाही.

शंकरपाळी आली ती हिशेबाच्या गरजेतून. रस्त्यावरचा विक्रेता न खपलेले अंक परत करून पैसे मागू शकत असे. याउलट खेळण्यांच्या आणि मोठ्या दुकानांत तीन-तीन अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वस्तात विकले जात. त्यावर व्हिटमन या कंपनीचं नाव असे. हा माल परत घेतला जात नव्हता. स्वस्तात घेतलेला अंक कोणी परतीच्या गठ्ठ्यात सरकवू नये, म्हणून त्याच्यावर वेगळी खूण हवी होती. ती खूण म्हणजे ही शंकरपाळी.

आता अंक प्रत्यक्ष तपासू. वर महिना छापलेला आहे का? खाली बारकोडच्या चौकटीत रेघा आहेत का? शंकरपाळी आहे, पण महिना नाही आणि बारकोडही नाही, तर पहिल्या अंकाच्या बाबतीत ते पुनर्मुद्रण समजावं. काही प्रतींवर डाव्या कोपऱ्यातच ‘रीप्रिंट’ असं छापलेलं असतं. काहींवर मुखपृष्ठ मुकं असतं आणि हा शब्द आत, पहिल्या पानाच्या तळाशी प्रकाशनाच्या बारीक मजकुरात सापडतो. तो मजकूर वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विक्रेत्याने फक्त मुखपृष्ठाचा फोटो पाठवला असेल, तर या पानाचाही मागावा.

किमतीवर मात्र भिस्त ठेवू नये. पहिली छपाई ३० सेंटची. त्याच वेळी मोजक्या ठिकाणी चाचणी म्हणून ३५ सेंटच्या प्रती विकल्या गेल्या. त्या फार दुर्मिळ, त्यामुळे फार महाग. पण पुनर्मुद्रणंही ३० आणि ३५ अशा दोन्ही किमतींची आहेत. ३५चा आकडा दिसला की हुरळून जाणारे बरेच भेटतात. अस्सल ३५ची किंमत चौकोनात असते आणि बारकोडच्या रेघाही जागेवर असतात. आणखी एक खबरदारी: हा नियम सरसकट पुढच्या अंकांना लावू नये. नंतरच्या अनेक अंकांवर शंकरपाळी दिसते, पण ती फक्त विक्रीची वाट दाखवते. छपाई पहिलीच असू शकते.

१९७७मध्येच मोठ्या आकाराच्या प्रतीही निघाल्या. त्यांना संग्राहक ट्रेझरी म्हणतात. पहिल्या पुस्तकात पहिले तीन अंक, दुसऱ्यात पुढचे तीन, आणि १९७८मध्ये सहाही एकत्र. माझं मन या पुस्तकांवर आहे. पान जवळजवळ चौदा इंच उंच असल्याने चेकिनच्या रेषेतली घाई आणि ताकद दोन्ही उघड दिसतात. खिशात मावणारी कृष्णधवल आवृत्तीही १९७७चीच. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९७८पासून हीच गोष्ट साप्ताहिकातून कृष्णधवल रूपात येऊ लागली.

जुन्या पानावर भिंग धरा. नायक ल्यूकच्या गालाचा रंग म्हणजे पिवळ्यावर पसरलेले गुलाबी ठिपके. लाल, निळा, पिवळा यांच्या ठरावीक छटा एकमेकींवर छापून साधारण चौसष्ट रंग मिळत, आणि रंगकाराला तेवढ्यातच भागवावं लागे. न्यूजप्रिंटचा कागद शाई पितो, त्यामुळे तो रंग मऊ होतो. तोच सपाट पिवळा पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत कागदावर छापला की डोळ्यांत खुपतो. नंतरच्या प्रत्येक प्रकाशकापुढे हाच पेच होता. डार्क हॉर्सने २००२पासून मार्व्हलचे सगळे १०७ अंक सात पुस्तकांत आणले. हक्क परत मार्व्हलकडे गेल्यावर २०१५मध्ये जाडजूड ऑम्निबस निघाले, आणि सिनेमाची गोष्ट स्वतंत्र पुस्तक म्हणून काढताना रंग नव्याने संगणकावर भरले गेले. त्या छाया-प्रकाशाने चेहरे गोलसर झाले, पण चेकिनची रेषा त्याखाली दबली. मला ते पटत नाही. वाचायला मी ऑम्निबस घेईन, पाहायला ट्रेझरीच.

वर्तमानपत्रातल्या ‘स्टार वॉर्स’ पट्ट्यांचं पुनर्मुद्रण तर आणखी नाजूक. लेखक आर्ची गुडविन आणि चित्रकार अल विल्यमसन यांच्या पट्ट्या डार्क हॉर्सने नव्वदच्या दशकात कॉमिक अंकांच्या रूपात काढल्या, तेव्हा रोजची उजळणी करणाऱ्या चौकटी गाळल्या, उरलेल्या जुळवून पानं बांधली आणि रंग भरले. पट्टी जशी छापली गेली तशी हवी असेल, तर आयडीडब्ल्यू या प्रकाशनाची २०१७पासूनची तीन पुस्तकं पाहावीत. विल्यमसनने त्याआधी फ्लॅश गॉर्डनही काढला होता, आणि दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकसला सुरुवातीला सिनेमाच फ्लॅश गॉर्डनवर करायचा होता. हक्क मिळाले नाहीत. इंद्रजाल कॉमिक्समधून फ्लॅश गॉर्डन वाचलेल्या मराठी वाचकाला म्हणूनच या पानांवरची यानं ओळखीची वाटतील.

आता जपणुकीबद्दल. न्यूजप्रिंट आम्लधर्मी असतो, पिवळा पडतो, कडांना तुटतो. आपल्याकडे पावसाळ्यात तर दोन-तीन आठवड्यांतही पानं दमट होतात. प्रत्येक अंक मायलरच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून उभा ठेवावा. पेटी भिंतीला टेकवू नये आणि पीव्हीसीची पिशवी अजिबात वापरू नये, शाई तिला चिकटते.

पिशवीत घालण्याआधी दुसरा अंक एकदा उघडून पाहा. खलनायक जब्बा तिथे दोन पायांवर उभा आहे: पिवळा, सडपातळ, मिशाळ. तो पडद्यावर कसा दिसणार हे तेव्हा ठरलं नव्हतं. त्याचं अवाढव्य अळीसारखं रूप लोकांनी १९८३मध्ये पाहिलं. सिनेमातून कापलेली ल्यूक आणि त्याचा मित्र बिग्ज यांची भेटही पहिल्या अंकात शाबूत आहे. ट्रेझरी असो, ऑम्निबस असो, तो पिवळा जब्बा तसाच उभा आहे.