हरकत नोंदवायची ती कागदावर



"आमची काही हरकत नाही" हे वाक्य आपण दिवसातून कितीदा तरी बोलतो. सोयरिकीच्या बैठकीत बोलतो, गाडीत कुणाला सरकून जागा देताना बोलतो. सरकारी कामात मात्र हे वाक्य आपण तोंडातून काढलं नाही, तरी आपल्या नावावर जमा होतं. आज बोलायचं आहे ते याबद्दल.

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मुंबई आणि पुण्याच्या मध्ये येतात. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची धार, खाली उल्हास आणि पाताळगंगा. त्यामुळे इथल्या जमिनीवर सतत काही ना काही येत असतं. कधी विकास आराखडा, कधी कारखान्याचा विस्तार, कधी डोंगरउतारासाठी नवे नियम. यातल्या बऱ्याच गोष्टींना मंजुरीआधी कायद्याने एक पायरी ठेवलेली आहे : लोकांच्या हरकती व सूचना मागवणे. तशी जाहिरात बारीक अक्षरात छापून येते. आपण पान उलटतो आणि मुदत निघून जाते.

माथेरानचंच पाहा. तिथल्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अंतिम अधिसूचना 4 फेब्रुवारी 2003 ची. त्याआधी मसुदा निघाला होता, हरकतींसाठी मुदत होती. डोंगराभोवती काय बांधता येईल, कुठे खोदता येईल, हे आजही त्या अधिसूचनेशी ताडून पाहावं लागतं. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा 2014 चा, आणि सहावा मसुदा 31 जुलै 2024 चा. प्रत्येक वेळी हरकतींसाठी 60 दिवस होते. अशा मसुद्याला गावांची यादी जोडलेली असते. आपलं गाव त्या यादीत आहे की नाही, एवढं जरी आपण पाहिलं, तरी निम्मं काम झालं.

दुसरा प्रकार जनसुनावणीचा. मोठा प्रकल्प असेल, तर 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यायची असते. प्रकल्पाच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी वाचायला ठेवायचा असतो, आणि त्याचा सारांश स्थानिक भाषेतही द्यायचा असतो. सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. आपलं म्हणणं त्यात चुकीचं आलं असेल, तर उठून सांगायची वेळ तीच. लोक भाषण झालं की घरी जातात, आणि हा शेवटचा अर्धा तास रिकाम्या खुर्च्यांपुढे पार पडतो.

आणि एक नियम ध्यानात ठेवा. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. पाच माणसं आली तरी ती झाली असंच धरलं जातं. म्हणजे बहिष्कार टाकून सुनावणी आपोआप थांबत नाही. फक्त इतिवृत्तात आपलं काही येत नाही. उलट, जे मुद्दे नोंदले जातात, त्यातल्या पर्यावरणाच्या प्रश्नांना प्रकल्पवाल्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावंच लागतं. ज्याला हजर राहता येत नाही, त्याला लेखी म्हणणं पाठवता येतं.

आता, लिहायचं काय? आमची पहिली हरकत चांगली दोन पानी होती. निसर्गाचं वर्णन होतं, संताप होता, पण एकही गटनंबर नव्हता. तिचं काय झालं हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि आज वाटतं की वाचणाऱ्यालाही तिचं काय करावं ते कळलं नसणार. "या प्रकल्पाला आमचा तीव्र विरोध आहे" एवढंच लिहिलं, तर ते एका ओळीत निकाली काढता येतं. पण समजा असं लिहिलं : "गट नंबर अमुकमधून पावसाळी ओहोळ वाहतो. नकाशात तो दाखवलेला नाही. भराव झाला तर पाणी खालच्या वाडीकडे वळेल. तिथे इतकी घरं आणि पिण्याची एक विहीर आहे. जागेची पाहणी करावी." तर यातलं प्रत्येक वाक्य तपासण्याजोगं आहे. ते खोडायचं असेल, तर कुणाला तरी तिथे जाऊन पाहावं लागतं.

मराठीत लिहिलं तर चालेल का, असं हमखास विचारलं जातं. बिनदिक्कत लिहा. 2020 मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा नवा मसुदा इंग्रजी-हिंदीत निघाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत आणा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता. आपल्या भाषेत कळणं आणि आपल्या भाषेत सांगणं ही काही मेहेरबानी नव्हे.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितलं. एका कागदाने ती रात्र टळली असती, असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. पण यादी करणारा माणूस प्रत्येक वाडीवर राहत नसतो. कुठे भेग पडली, कुठला झरा यंदा जागा बदलून फुटला, हे गुरं घेऊन डोंगरावर जाणाऱ्याला आधी दिसतं. त्याचं पाहणं कागदावर आलं नाही, तर यादी तेवढी अपुरी राहते.

तेव्हा पद्धत सोपी ठेवा. एका हरकतीत एक जागा, एक मुद्दा, एक मागणी. सोबत फोटो आणि सातबारा. अर्ज मुदतीत द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि ती प्रत जपून ठेवा. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या शेजारी बसून त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्याला वाचून दाखवा. छापील एकच मजकूर शंभर सह्यांनी देण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या बांधावरचं लिहिलेलं बरं.

सगळ्या हरकती मान्य होत नाहीत, हे खरं. पण उद्या अपिलात किंवा न्यायालयात जायची वेळ आली, तर पहिला प्रश्न येतो : तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? त्याचं उत्तर हातात असावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आमचं बोलणं इथे संपलं. आता तुम्ही बोला, आणि जमलं तर लिहूनही द्या.